टॅबवरचा संगणक अडखळतो, तेव्हा दोष कुणाचा?

कापसाचा हंगाम आला की हिंगणघाटच्या जिनिंगमधली टॅली रात्री घरी बसून टॅबवर उघडावी लागते. आर्वीतले सर शाळेच्या संगणकावरचे काम घरून पूर्ण करतात. पुण्यात नोकरी करणारी मुलगी देवळीतल्या बाबांचा संगणक रिमोटवर घेऊन नीट करून देते. स्क्रीन अडखळू लागली की सगळीकडे एकच उपाय निघतो: नेट स्लो आहे, मोठा प्लॅन घ्या. हा खर्च बरेचदा वाया जातो, कारण दुखणे वेगळ्याच ठिकाणी असते.

रिमोट डेस्कटॉपमध्ये संगणक आपल्या स्क्रीनचे चित्र सतत दाबून लहान करतो आणि पाठवत राहतो. टॅब ते उलगडून दाखवतो आणि तुमच्या बोटाची हालचाल परत पाठवतो. संगणक, त्याचे नेट, मधला मार्ग, टॅबचे नेट आणि टॅब यांपैकी एक कडी ढिली पडली तरी सगळे काम रेंगाळते. म्हणून आधी कडी ओळखायची, पैसे नंतर खर्च करायचे.

गैरसमज १ : प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे, मग वेग मिळायलाच हवा.

वस्तुस्थिती : जाहिरातीतला आकडा बहुधा डाउनलोडचा असतो. बाहेरून संगणक पाहताना मात्र चित्र त्या संगणकाकडच्या अपलोडमधून निघते. संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असेल, तर अपलोड बरेचदा डाउनलोडच्या तुलनेत फारच कमी भरतो. ट्रायच्या मायस्पीड ॲपवर दोन्ही आकडे दिसतात. तपासणी संगणकाच्या जागी करा. त्याच वेळी कुणी फोटो किंवा कॅमेऱ्याचे चित्रण क्लाउडवर चढवत असेल, तर तेही थांबवून पाहा. हिशेब आणि टायपिंगसारख्या कामाला मोजके एमबीपीएस पुरतात, पण ते अखंड मिळावे लागतात.

गैरसमज २ : संगणक लांब आहे, म्हणून उशीर होतो.

वस्तुस्थिती : फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. वर्धा ते मुंबई रेल्वेमार्ग साधारण ७५० किलोमीटरचा. तेवढ्या लांबीच्या फायबरवरून संदेश जाऊन परत यायला ८ मिलिसेकंदही लागत नाहीत. नागपूर तर त्याहून कितीतरी जवळ. उशीर होतो तो वाटेतल्या गर्दीमुळे आणि वळशामुळे. अनेक कंपन्या बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता देतात. अशा वेळी दोन उपकरणांची थेट गाठ पडली नाही, तर ॲप सगळे चित्र आपल्या सर्व्हरमार्गे नेते आणि तो सर्व्हर परदेशातही असू शकतो. जोडणी थेट आहे की सर्व्हरमार्गे, हे काही ॲप दाखवतात. ते आधी बघा.

गैरसमज ३ : वाय-फायच्या सगळ्या कांड्या भरल्या आहेत, म्हणजे घरात अडचण नाही.

वस्तुस्थिती : कांड्या सिग्नलचा जोर सांगतात, गर्दी सांगत नाहीत. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात असतात. ५ गिगाहर्ट्झला गर्दी कमी, पण जाड भिंतीपुढे तो लवकर हरतो. आपल्याकडे उन्हाळ्यात आणखी एक आडकाठी उभी राहते: पाण्याने भरलेला लोखंडी कूलर. धातू आणि पाणी दोन्ही वाय-फायच्या लहरी अडवतात, म्हणून राउटर त्याच्यामागे नको.

संगणक आणि टॅब दोन्ही त्याच वाय-फायवर असतील, तर प्रत्येक चित्र हवेतून दोनदा जाते: संगणकाकडून राउटरला आणि राउटरकडून टॅबला. संगणकाला लॅन केबल जोडली की हा भार जवळपास निम्मा होतो. साध्या केबलइतका स्वस्त आणि खात्रीचा उपाय दुसरा नाही.

गैरसमज ४ : टॅब जुना झाला, नवा घ्यावा लागेल.

वस्तुस्थिती : आधी संगणकाचे रिझोल्यूशन कमी करून पाहा. ४के स्क्रीनवर ८२,९४,४०० बिंदू असतात, फुल एचडीवर २०,७३,६००. म्हणजे काम चौपट. लहान टॅबवर हा फरक डोळ्यांना फारसा जाणवतही नाही. वॉलपेपर आणि अ‍ॅनिमेशन बंद केल्यानेही ओझे हलके होते. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर सतत १०० टक्क्यांजवळ दिसला, तर अडचण संगणकात आहे. लॅपटॉप बॅटरी बचतीवर असेल तर तो मुद्दाम मंद चालतो.

उन्हाचाही विचार करा. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. ॲपल मात्र आयपॅड ० ते ३५ अंशांत वापरायला सांगते. तापलेले उपकरण स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. संगणकाच्या पंख्यातली धूळ काढा आणि टॅब चार्जिंगला लावून वापरणे टाळा.

गैरसमज ५ : राउटरचा पोर्ट उघडला की वेग वाढतो.

वस्तुस्थिती : मायक्रोसॉफ्टच्या रिमोट डेस्कटॉपचा ठरलेला पोर्ट ३३८९ आहे. तो थेट इंटरनेटवर उघडा ठेवणे अत्यंत धोक्याचे आहे. जगभरचे हल्लेखोर तोच पोर्ट शोधत असतात. २०१९ मध्ये याच सेवेत ‘ब्लूकीप’ नावाची गंभीर त्रुटी सापडली आणि मायक्रोसॉफ्टला जुन्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती द्यावी लागली. बाहेरून जोडायचे असेल तर व्हीपीएन वापरा. वेग वाढवून देतो म्हणून फोन करणाऱ्या अनोळखी माणसाला रिमोट ॲपचा कोड कधीच देऊ नका. त्यातून फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

तपासणीचा क्रम

टॅब राउटरजवळ नेऊन बघा; काम सुधारले तर दोष वाय-फायचा. नाही सुधारले, तर संगणकाला केबल जोडा. मग रिझोल्यूशन उतरवा आणि टास्क मॅनेजर पाहा. त्यानंतर संगणकाकडचा अपलोड मोजा आणि जोडणी थेट आहे का ते तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे गुण कशाने आला ते कळेल. हे सगळे करूनही अपलोडच कमी पडत असेल, तरच प्लॅन बदला. तेव्हाही कंपनीला अपलोड किती मिळेल, हे आधी विचारा.