तिसऱ्या टीमचं काय? मल्टी-टीम ट्रेड सुचवण्याआधी हे वाचा

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. आजचा विषय आहे एनबीएमधला मल्टी-टीम ट्रेड, म्हणजे तीन किंवा जास्त टीमनी एकाच सौद्यात केलेली खेळाडूंची अदलाबदल. फेब्रुवारीची डेडलाइन जवळ आली की बास्केटबॉलच्या प्रत्येक ग्रुपवर असे सौदे सुचवणं सुरू होतं. त्यातले बरेचसे एकाच प्रश्नावर आपटतात: भाऊ, तिसऱ्या टीमला काय मिळालं?

आधी आपसी बदली समजून घ्या

ज्यांच्या घरी झेडपीचे मास्तर आहेत, त्यांना हे लवकर समजेल. समजा, अकोल्याच्या सरांना अमरावती पाहिजे. पण अमरावतीच्या मॅडमला अकोला नको, यवतमाळ पाहिजे. झाली गाडी बंद! दोघांची आपसी बदली काही जमत नाही. आता यवतमाळात कुणी अकोल्यासाठी अडून बसलं असेल, तर गोल पूर्ण होतो आणि तिघांचंही काम होतं. मल्टी-टीम ट्रेडचं मूळ हेच आहे. कोडिंगवाल्यांनो, ग्राफमधली सायकल आठवा.

आपल्याकडचं उदाहरण

आपल्या अमरावतीचा जितेश शर्मा 2025 च्या आयपीएलसाठी बंगळुरूकडे गेला, तो लिलावातून, 11 कोटींना. लिलावात ज्याची बोली जास्त, त्याचा खेळाडू. ट्रेडमध्ये मात्र समोरच्याला राजी करावं लागतं.

नोव्हेंबर 2023 आठवा. मुंबई इंडियन्सला गुजरातकडून हार्दिक पांड्या हवा होता, 15 कोटींचा. पण तो घेतल्यावर लिलावासाठी मुंबईच्या पर्समध्ये जवळपास काहीच उरत नव्हतं. मग मुंबईनं 17.5 कोटींचा कॅमेरून ग्रीन बंगळुरूला दिला. बंगळुरूनं आधीच हर्षल पटेल, हसरंगा आणि हेझलवूडला सोडून पैसे मोकळे केले होते.

कागदावर हे दोन वेगळे सौदे. पण एकत्र बघा: गुजरातकडून खेळाडू मुंबईला, मुंबईकडून खेळाडू बंगळुरूला, आणि पैसे उलट्या दिशेनं. बंगळुरूला ग्रीन नको असता, तर मुंबईचं गणित भलतंच अवघड झालं असतं.

एनबीएमध्ये तिसरा कशाला लागतो?

कारण तिथे बहुतेक वेळा नुसते पैसे मोजून खेळाडू घेता येत नाही. टीमचा एकूण पगार सॅलरी कॅपच्या वर असेल, तर जेवढ्या पगाराचे खेळाडू येणार, साधारण तेवढ्याच पगाराचे जावे लागतात. जास्त खर्च करणाऱ्या टीमवर नियम आणखी कडक. सगळ्यात महागड्या टीमना तर दोन छोटे पगार जोडून एक मोठा खेळाडू घेता येत नाही.

फेब्रुवारी 2025 मध्ये लुका डॉन्चिच डॅलसमधून लेकर्सकडे गेला आणि अँथनी डेव्हिस डॅलसला. सगळं जग या दोन नावांवर अडकलं. पण त्या सौद्यात यूटा जॅझ ही तिसरी टीम होती. लेकर्सचं पगाराचं गणित बसावं म्हणून जेलेन हूड-शिफिनो नावाचा तरुण खेळाडू यूटानं घेतला. बदल्यात यूटाला मिळाले सेकंड राउंडचे दोन ड्राफ्ट पिक. म्हणजे तिसरी टीम उपकार करायला येत नाही. ती आपली मोकळी जागा भाड्यानं देते, आणि भाडं वसूल करते.

हे प्रकरण वाढत कुठवर गेलं? जुलै 2025 मध्ये केविन ड्युरंट ह्यूस्टनला गेला, त्या सौद्यात सात टीम होत्या!

तुम्हाला सुचवायचा असेल तर

कागद घ्या आणि प्रत्येक टीमसाठी चार ओळी लिहा.

1. काय जातंय, काय येतंय? एखाद्या टीमचा "येतंय" हा रकाना रिकामा असेल, तर ट्रेड तिथेच संपला.
2. पगार जुळतो का? इंटरनेटवर ट्रेड मशीन आहेत, ती हे तपासून देतात.
3. पिक देता येतात का? पुढची लागोपाठ दोन वर्षं फर्स्ट राउंडच्या पिकशिवाय राहता येईल, असा सौदा चालत नाही.
4. समोरची टीम कुठे आहे? जिंकायला बसलेल्या टीमला आज खेळणारा माणूस लागतो. नव्यानं उभी राहणारी टीम पिक आणि पोरं गोळा करते.

चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची. आपल्या टीमला काय पाहिजे ते सगळ्यांनाच माहीत असतं. चांगला प्रस्ताव समोरच्याच्या अडचणीपासून सुरू होतो.

आणि तो तिसरा माणूस

हूड-शिफिनोचं पुढे काय झालं? 2023 च्या ड्राफ्टमध्ये सतराव्या नंबरवर निवडलेला हा पोरगा. वय 21. यूटानं त्याला काही दिवसांतच सोडून दिलं. नंतर फिलाडेल्फियानं त्याला टू-वे करारावर घेतलं, म्हणजे मुख्य टीम आणि खालच्या लीगची टीम यांच्यात ये-जा. जगासाठी तो त्या सौद्यातला आकडा होता. त्याच्यासाठी ते करिअर होतं.

एनबीएमध्ये बहुतेक खेळाडूंना कुणी विचारत नाही. डॉन्चिचसारख्या सुपरस्टारलाही आधी कळलं नव्हतं. आयपीएलमध्ये ट्रेडला खेळाडूची संमती लागते. पण स्वतःच दुसऱ्या टीमशी बोलणी केली तर? रवींद्र जडेजाला त्यासाठी 2010 चा अख्खा सीझन बाहेर बसावं लागलं, तेव्हा तो राजस्थानचा होता. पुढे नोव्हेंबर 2025 मध्ये तोच जडेजा संजू सॅमसनच्या बदल्यात, सॅम करनसोबत, चेन्नईतून पुन्हा राजस्थानला आला. यावेळी रीतसर ट्रेडनं.

तर राजेहो, ट्रेड जरूर सुचवा, त्यात मजा आहे. फक्त कागदावर एक पाचवी ओळ वाढवा: या सौद्यात सगळ्यात कमी पगाराचा खेळाडू कोण, आणि तो जिथे जाईल तिथे त्याला खेळायला मिळेल का?

तुमचा तीन टीमचा ट्रेड पाचही ओळींसकट पाठवा. जमलेले सौदे पुढच्या भागात वाचू. ऐकत राहा!