कणोपचारातील विरघळणारा स्पेसर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कर्करोगाच्या प्रारणोपचारात क्ष-किरणांऐवजी प्रोटॉन किंवा कार्बनचे आयन वापरतात तेव्हा त्याला कणोपचार म्हणतात. आणि गाठीवर कणांचा मारा होत असताना तिला खेटून असलेले आतडे वाचावे म्हणून दोहोंच्या मध्ये जी वस्तू ठेवली जाते, तिला वैद्यकात स्पेसर हे नाव आहे. जपानमध्ये चिबा येथे १९९४ साली कार्बन आयनांचे उपचार सुरू झाले, ह्योगो येथील केंद्रात २००१ पासून प्रोटॉन आणि २००२ पासून कार्बन असे दोन्ही कण वापरात आले, आणि पोटातील गाठींसाठी शरीरात विरून जाणारा स्पेसर घडला तोही त्याच प्रांतातील कोबे विद्यापीठात. नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक संस्थेत २०२३ पासून प्रोटॉन उपचार होऊ लागल्यामुळे हा विषय मराठी वाचकालाही आता दूरचा राहिलेला नाही.

कण गाठीपाशी येऊन थांबतातच, मग मध्ये काही ठेवण्याची गरज काय, हा सर्वांत पक्का बसलेला गैरसमज होय, आणि तो पक्का बसण्याचे कारण असे की त्याचा अर्धा भाग खरा आहे. शरीरात शिरलेला कण जसजसा मंदावतो तसतशी त्याची ऊर्जा अधिक झपाट्याने खर्च होते आणि थांबण्याच्या अगदी आधी ती सर्वांत जास्त बाहेर पडते. विल्यम हेन्री ब्रॅग यांच्या नावावरून या टोकाला ब्रॅग शिखर म्हणतात, आणि त्याचा उपयोग कर्करोगावर करता येईल हे रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्ये मांडले. मात्र कण नेमका कोठे थांबेल हे सीटी स्कॅनवरून, म्हणजे क्ष-किरणांनी काढलेल्या चित्रावरून, गणिताने ताडावे लागते आणि त्या हिशेबात साधारण ३.५ टक्के चूक गृहीत धरण्याची अनेक केंद्रांची रीत आहे. गाठ २० सेंटीमीटर खोल असेल तर ही चूक ७ मिलिमीटर होते. आणि आतड्याची भिंत तर अवघी काही मिलिमीटर जाडीची असते. त्यात शलाकेच्या वाटेवरील आतड्यात एखाद्या दिवशी १ सेंटीमीटर जास्त वायू साठला, तर शलाका जवळजवळ तेवढीच पुढे सरकते, कारण वायू कणांना फारसा अडवीत नाही. कार्बनचे केंद्रक वाटेत फुटून त्याचे हलके तुकडे शिखराच्याही पलीकडे जातात, आणि प्रोटॉनच्या शलाकेच्या कडा खोलवर गेल्यावर बाजूंना पसरतात. तेव्हा कणांची अचूकता खरी असली तरी ती सुरीच्या धारेसारखी नसते, आणि गाठ आतड्याला चिकटून असेल तेथे हे थोडेसे अंतरच निर्णायक ठरते.

स्पेसर हा शिशाच्या पत्र्यासारखा किरण अडवतो, ही समजूत याच्या अगदी उलट टोकाची आहे. वास्तविक तो काहीच अडवीत नाही. त्याच्या तंतूंमधल्या पोकळ्यांत द्रव भरल्यावर कणांच्या दृष्टीने तो आजूबाजूच्या ऊतीहून फारसा वेगळा राहत नाही, आणि उपचाराचा हिशेब बिघडू नये म्हणून तसे असणेच इष्ट असते. त्याचे काम फक्त जागा करण्याचे. त्रिकास्थी म्हणजे पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेले हाड, त्यात होणाऱ्या कॉर्डोमा या दुर्मीळ गाठीला जपानमध्ये जैविक परिणामाच्या हिशेबाने सुमारे ७० ग्रे इतकी कार्बनची मात्रा ४ आठवड्यांतील १६ हप्त्यांत देतात (ग्रे हे प्रारणाच्या मात्रेचे एकक आहे), तर लहान आतड्याची सोसण्याची मर्यादा नेहमीच्या लहान हप्त्यांनीही साधारण ४५ ते ५० ग्रे मानली जाते. मोठ्या हप्त्यांमुळे या दोन आकड्यांची तुलना तंतोतंत होत नाही, पण अडचण कोणती ते कळते : मात्रा कमी करावी तर गाठ उरते आणि पुरी द्यावी तर आतड्याला व्रण पडण्याची, क्वचित भोक पडण्याची भीती. मध्ये १ सेंटीमीटर मोकळे झाले की मात्रेचा उतार त्या मोकळ्या जागेत संपतो. कोबेच्या संशोधकांनी घडवलेला स्पेसर नमद्यासारखा दिसतो, ५, १० आणि १५ मिलिमीटर अशा जाडीत मिळतो आणि २०१९ पासून जपानमध्ये प्रत्यक्ष वापरात आहे.

विरघळणारी वस्तू उपचार संपण्याआधीच विरघळून जाणार, ही शंका रास्त आहे. फक्त विरण्याचा वेग लक्षात न घेतल्यामुळे ती गैरसमजात जमा होते. हा नमदा पॉलिग्लायकोलिक आम्लाच्या धाग्यांचा असतो, आणि शस्त्रक्रियेतील विरघळणारे टाके १९७० च्या सुमारास ज्या पदार्थापासून बनू लागले तोच हा पदार्थ होय. शरीरातील पाण्याने त्याच्या साखळ्या हळूहळू तुटत जातात. जाडी सुमारे ८ आठवडे टिकते आणि पुढील काही महिन्यांत तो नाहीसा होतो. पूर्वी याच कामासाठी गोअर-टेक्सचे कापड वापरीत; ते कधीच विरत नसल्याने जंतुसंसर्ग झाला तर ते काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागे. मात्र विरण्याच्या सोयीबरोबर घड्याळाचे बंधन येते, आणि याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. जखम भरणे, स्पेसर बसवल्यानंतरचा नवा सीटी स्कॅन, त्यावरून आखलेली योजना आणि मग हप्ते, हे सारे त्या ८ आठवड्यांत बसले पाहिजे. जखम चिघळून महिनाभर उशीर झाला तर जागा आक्रसू लागलेली असते.

स्पेसर म्हणजे एक साधे इंजेक्शन, असेही पुष्कळांना वाटते, आणि येथे दोन वेगळ्या वस्तूंची गल्लत झालेली असते. प्रोस्टेट म्हणजे पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगात ग्रंथी आणि गुदाशय यांच्यामध्ये जो जेल सोडतात, तो सोनोग्राफीने पाहत शिवणीच्या भागातून सुईने सोडता येतो. त्याचे दोन द्रव आत एकत्र आले की काही सेकंदांत घट्ट होतात, सुमारे ३ महिने जागा राखतात आणि ६ महिन्यांच्या आसपास शोषले जातात. पोटात नमदा बसवायचा तर पोट उघडावे लागते किंवा दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करावी लागते, आणि भूल, जंतुसंसर्ग, आतड्याला अडथळा हे तिचे सारे धोके त्यात येतात.

राहिला प्रश्न, स्पेसर सर्वांनाच बसवावा की काय. प्रोस्टेटच्या जेलला अमेरिकेत २०१५ साली ज्या २२२ रुग्णांच्या चाचणीवरून परवानगी मिळाली, ती कणांची नसून क्ष-किरणांची होती, ही गोष्ट जाहिरातींच्या भरात विसरली जाते. तीत ७० ग्रे मात्रा मिळणारा गुदाशयाचा भाग १२.४ टक्क्यांवरून ३.३ टक्क्यांवर आला, आणि ३ वर्षांनंतर गुदाशयाचे उशिरा दिसणारे त्रास जेल न घेतलेल्यांत ९.२ टक्के, तर घेतलेल्यांत २ टक्के आढळले. फायदा खरा आहे. पण जेल न घेताही शंभरांतल्या नव्वदांहून अधिक जणांना हा त्रास झालाच नाही, हेही त्याच आकड्यांत आहे. उलट जेल चुकून गुदाशयाच्या भिंतीत किंवा रक्तवाहिनीत गेल्याच्या, क्वचित घडणाऱ्या पण गंभीर, नोंदी आहेत. पोटातील गाठींचा हिशेब निराळा, कारण तेथे स्पेसर नसेल तर पुरी मात्रा देताच येत नाही असे रुग्ण असतात आणि शस्त्रक्रियेची जोखीम त्यांच्याच बाबतीत सार्थ ठरते. गाठ आतड्याच्या भिंतीतच शिरली असेल तर मात्र दोहोंच्या मध्ये नमदा सरकवायला फटच उरत नाही, आणि अशा रुग्णाला स्पेसरचा काही उपयोग होत नाही.