आरीची खाच आणि मण्याचं भोक

लग्नसराईत पैठणीच्या ब्लाउजची बाही कधी अगदी जवळून पाहिली आहे? कडेला सोनेरी दोऱ्याची साखळी, तिच्या आत मोर, मोराच्या पिसाऱ्यात ओळीनं बसलेले शुगर बीड्सचे बारीक मणी, मध्येच कटदाण्याचा मणी, एखादी टिकली. हे झालं आरी वर्क.

आता एक कोडं सोडवा. आरीला सुईसारखं नेढं नसतं. दोरा असतो कापडाच्या खाली. मणी असतात वर, आरीच्या दांडीवर चढवलेले. मग खालचा दोरा वरच्या मण्यातून जातोच कसा?

भिंग घेऊन आरीचं टोक पाहा. टोकाच्या किंचित वर, एकाच बाजूला, तिरकी खाच दिसेल. सगळी जादू त्या खाचेत आहे. आरी कापडात शिरते, खालचा हात दोरा खाचेत अडकवतो, वरचा हात आरी अर्धी फिरवतो आणि वर ओढतो. दोऱ्याचा फास वर येतो. तेवढ्यात दांडीवरचा एक मणी खाली सरकवायचा. तो आरीच्या टोकावरून घसरतो आणि फासावर बसतो. आरी पुन्हा खाली जाते, नवा फास आणते आणि तो जुन्या फासातून बाहेर काढते. साखळीची एक कडी पुरी झाली आणि मणी पक्का बसला. आरी फिरवायची कशासाठी? न फिरवता ओढली तर खाच कापडाचेच धागे पकडते आणि कापड फाटतं!

हाच साखळी टाका तुमच्या घरी आणखी एका ठिकाणी आहे: युरियाच्या किंवा तांदळाच्या पोत्याच्या तोंडाशी. योग्य टोक सापडलं की सर्रकन सगळी शिवण उसवते. ब्लाउजवर तसं झालं तर मणी घरभर! म्हणून ओळ संपली की शेवटच्या फासाला गाठ मारलीच पाहिजे.

कच्छ-सौराष्ट्रातले मोची कारागीर चामडं शिवायच्या आरीची बारीक बहीण वापरून रेशमी भरतकाम करत. अठराव्या शतकात ही कला युरोपात पोचली. पुढे बार्थेलेमी तिमोनिये नावाच्या फ्रेंच शिंप्यानं अशीच खाचेची सुई यंत्राला बसवली आणि 1830 मध्ये शिवणयंत्राचं पेटंट घेतलं. ते यंत्र साखळी टाकाच घालायचं.

आरी निवडायची तर दुकानात नुसतं 'आरी द्या' म्हणून भागत नाही. मण्याच्या भोकातून आरी आणि फासाचा दुहेरी दोरा, दोन्ही जायला हवेत. म्हणून आपले मणी आणि दोरा बरोबर न्या. आरीत दोरा अडकवा आणि मणी वरून सरकवून पाहा. अडखळला तर आरी बारीक हवी. जबरदस्ती केली तर काचेचा मणी तडकतो. खाच मात्र दोऱ्याच्या मानानं फार लहान नको, नाहीतर फास सुटून जातो. आरीच्या टोकावर जुना नायलॉनचा मोजा हलकेच फिरवा. धागा ओढला गेला तर टोक खरखरीत आहे, ती आरी परत ठेवा.

मण्यांचे नंबर उलटे चालतात. नंबर जितका मोठा, तितका मणी लहान. अकरा नंबरचा मणी साधारण 2 मिलिमीटरचा, पंधरा नंबरचा त्याहून बारीक. मणी बनवताना काच तापवून पोकळ नळी ओढतात, तिचे तुकडे करतात आणि ते पुन्हा तापवत घोळवतात. कडा वितळल्या की पृष्ठताण त्यांना आपोआप गोल करतो. हे घोळवणं नीट झालं नसेल तर भोकाची धार दोरा कापते. म्हणून खरेदी करताना एका मण्यात दोरा ओवून पुढे-मागे घासा. तंतू सुटले तर ते मणी घेऊ नका.

काच की प्लास्टिक, हे कसं ओळखायचं? मणी गालाला लावा. काच गार लागते, कारण ती गालातली उष्णता प्लास्टिकपेक्षा भराभर ओढून घेते. काच जडही असते, पाण्याच्या जवळजवळ अडीचपट. बाहीभर काचेचे मणी लावले तर पातळ नेट ओघळणारच, त्याला खालून अस्तर हवं. कापड फ्रेमवर इतकं ताणा की टिचकी मारली तर आवाज यावा. सैल कापड आरीबरोबर वर उचललं जातं आणि फास निसटतो.

दोऱ्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय. त्यासाठी आधी नेवाशाला जाऊ. राजूरजवळ रंध्याच्या धबधब्यावरून कोसळणारी प्रवरा अकोले, संगमनेर करत नेवाशाला जाते. तिथे 1950च्या दशकात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केलं. एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली, 3,000 वर्षांहून जुनी. आणि मण्यांच्या आत दोरा शिल्लक होता! तपासणाऱ्यांना त्यात रेशीम आणि कापूस दोन्ही आढळले. मातीत दोरा काही वर्षांत कुजतो, मग हा कसा टिकला? गंजणाऱ्या तांब्याचे क्षार दोऱ्यात मुरले. ते जिवाणूंना आणि बुरशीला विषारी असतात. मण्यानंच आपला दोरा वाचवला.

काचेचा मणी दोऱ्यावर अशी मेहेरबानी करत नाही. म्हणून मण्यांसाठी पीळदार, मजबूत पॉलिस्टरचा दोरा घ्या. सुती दोरा घासून लवकर विरतो. रेशमाची चमक मण्यांशिवायच्या साखळीत खुलते, तिथे ते जरूर वापरा.

दोऱ्यासारखीच आरीचीही काळजी घ्यावी लागते, कारण राजूरचा, भंडारदऱ्याकडचा पाऊस! चार महिने हवा ओली. आरी पोलादी असेल तर गंजते आणि गंजलेलं टोक कापड ओरबाडतं. काम झालं की आरी पुसा, तेलाचा हात फिरवा आणि झाकणाच्या डबीत ठेवा. नव्या चपलांच्या खोक्यात ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी असते, ती डबीत टाका. धाकट्या भावंडांच्या हाती मात्र देऊ नका, ती खायची नाही. जरीच्या रिळाला रबरबँड कधीच लावू नका. रबरात गंधक असतं आणि जरीत खरी चांदी असेल तर ती काळी पडते. त्याऐवजी सुती चिंधी बांधा.