कॅज्युअल्टीत गेल्यावर काय होते?

आपल्या केलगेरी भागात साठी ओलांडलेल्या दोघांचीच घरे आता पुष्कळ आहेत. मुले पुण्याला, बेंगळुरूला किंवा परदेशी. रात्री-अपरात्री कोणाला त्रास झाला तर सोबत जाणारा बहुधा शेजारीच असतो. मंडळाच्या बैठकीत हा विषय अनेकदा निघतो, म्हणून थोडी माहिती एकत्र मांडत आहे.

सगळ्यात जास्त चिडचिड होते ती थांबावे लागल्यामुळे. "आम्ही आधी आलो, मागून आलेल्याला आत कसे नेले?" माझी नोकरी बँकेत गेली. तिथे टोकन बारानंतर तेराच. कॅज्युअल्टीत हा हिशेब चालत नाही. दारातच नर्स किंवा डॉक्टर नाडी, रक्तदाब, श्वास, ऑक्सिजन आणि रुग्ण शुद्धीवर आहे का हे पाहतात आणि कोणाला आधी घ्यायचे ते ठरवतात. याला ट्रायाज म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ निवडणे, आपण तांदूळ निवडतो तसे. बऱ्याच ठिकाणी लाल, पिवळा, हिरवा असे रंग असतात. लाल म्हणजे लगेच, हिरवा म्हणजे थांबले तरी चालेल. तेव्हा बाकावर बसवले तर त्या घडीला जिवाला धोका दिसत नाही असा अर्थ घ्यावा. मात्र बसल्या जागी घाम सुटला, धाप लागली, बोलणे अडखळले तर लगेच उठून पुन्हा सांगायचे. तिथे भिडस्तपणा नको. आणि डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत चहा-पाणी काही पाजू नये.

छातीत दुखत असेल तर पोहोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी काढावा असा वैद्यकीय दंडक आहे. पहिला ईसीजी चांगला आला तरी घरी सोडत नाहीत, यावर नातेवाइकांना बिल वाढवत असल्याचा संशय येतो. पण हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात ट्रोपोनिन वाढते आणि ते वाढायला काही तास लागतात. म्हणून तीच रक्ततपासणी पुन्हा करतात. अर्धांगाच्या झटक्यात वेळ आणखी महत्त्वाची. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही सीटी स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव नाही हे पाहिल्यावर. म्हणून डॉक्टर विचारतात, "शेवटचे ठीक कधी पाहिले?" याचे उत्तर घड्याळातल्या वेळेत द्यावे.

भाषेचेही एक आहे. आपण धारवाडकर कन्नड सहज बोलतो, पण दुखण्यात माणूस घरच्या बोलीवर येतो. "कसंतरीच होतंय", "भरून आलंय" एवढ्यावर तरुण डॉक्टरांना अंदाज येत नाही. कधीपासून, कुठे, दुखणे हातात किंवा जबड्यात जाते का, हे सोबतच्याने कन्नडमध्ये नीट सांगावे.

जायचे कुठे? धारवाडचे जिल्हा रुग्णालय आपल्याला जवळ. सत्तूरला एसडीएम आणि हुबळीच्या विद्यानगरात किम्स, ही मेडिकल कॉलेजची मोठी रुग्णालये. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. फोनवर घर क्रमांकापेक्षा तळे, देऊळ, शाळा अशी खूण सांगितलेली बरी. अपघात, भाजणे, विषबाधा अशा वेळी रुग्णालय पोलिसांना कळवते, त्याला एमएलसी म्हणतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, आणि उपचार पोलिसांसाठी थांबत नाहीत. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले: सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य. अपघातग्रस्ताला घेऊन जाणाऱ्या वाटसरूलाही आता कायद्याचे संरक्षण आहे.

आता माझ्या आवडीचा विषय, पैसा! विम्याची सूचना बहुतेक पॉलिसींत भरती झाल्यापासून २४ तासांत द्यावी लागते, रविवार असला तरी. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा आहे. रुग्णालयाच्या विमा काउंटरवर हे शांतपणे सांगता येते. नुसते कॅज्युअल्टीत तपासून परत पाठवले तर तो खर्च बऱ्याच पॉलिसींत मिळत नाही, कारण साधारणपणे २४ तासांची भरती लागते. आपली पॉलिसी आजच काढून हे कलम वाचा.

घरात एक फाईल तयार ठेवावी: चालू गोळ्यांची नावे व मात्रा, कशाची ॲलर्जी आहे ते, आधार आणि विमा कार्डाची प्रत, मुलांचे फोन नंबर. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती लाल शाईने लिहा. फाईल कुठे आहे हे शेजाऱ्याला माहीत हवे. जुना ईसीजी असेल तर तोही त्यातच ठेवा. नव्या ईसीजीतला बदल आत्ताचा की जुनाच, हे डॉक्टरांना त्यावरून ताडता येते.