वर्णांचा शेजारधर्म

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही वाडवडिलांची म्हण बैलांइतकीच वर्णांनाही लागू पडते. शब्दांत शेजारी आलेली व्यंजने एकमेकांचा गुण घेतात. या व्यापारास भाषाशास्त्रात ‘सारूप्य’ म्हणतात.

अरबी भाषेत याचे मनोहर उदाहरण सापडते. तेथे नामापूर्वी ‘अल्’ हे उपपद येते. चंद्रवाचक ‘कमर’ शब्दाचे ‘अल्-कमर’ होते. परंतु सूर्यवाचक ‘शम्स’पूर्वी तोच ल् टिकत नाही. लिहावयाचे ‘अल्-शम्स’ आणि उच्चारावयाचे ‘अश्शम्स’! जिभेच्या पुढील भागाने उच्चारल्या जाणाऱ्या त, द, न, र, स, श यांसारख्या वर्णांपूर्वी ल् त्यांचेच रूप धारण करतो. कारण त्याचे उच्चारस्थानही तेथेच जवळ असते. अरबीच्या 28 वर्णांपैकी असे 14 ‘सूर्यवर्ण’ आणि उरलेले 14 ‘चंद्रवर्ण’ होत. म्हणूनच मिरजेचे थोर गायक ‘अब्दुल करीम’ खाँ, पण दिल्लीचा सुलतान ‘अलाउद्दीन’.

बोलीत हा शेजारधर्म आणखी पुढे जातो. कैरोच्या बोलीत ‘बाजू’ या अर्थाचा ‘गन्ब’ हा शब्द ‘गम्ब’ असा ऐकू येतो. ‘किताब’पूर्वीचा ल् कधीकधी क् होऊन ‘इक्किताब’ असा उच्चार होतो. आपल्या या अमेरिकेत, मिशिगन राज्यातील डिअरबर्न नगरी, अरबी भाषिकांची मोठी वस्ती आहे. तेथील लेबनानी घरांत ‘अश्शम्स’चा आद्य स्वर पालटला वा गळाला, तरी श् चे द्वित्व सुटत नाही.

आपल्याकडे हेच उलट दिशेने घडते. उत् + लेख = उल्लेख; तत् + लीन = तल्लीन. अरबीत ल् शेजाऱ्यात विरतो, येथे त् हा ल् मध्ये विरतो. पाणिनीने हा नियम सूत्रबद्ध केला. आणि अमेरिकन पंडित लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी 1933 साली आपल्या ‘लँग्वेज’ या ग्रंथात ‘संधि’ ही आपलीच संज्ञा स्वीकारली.

मराठी तर या सारूप्यातूनच घडली. ‘सप्त’चे ‘सत्त’, त्याचे ‘सात’. ‘दुग्ध’चे ‘दुद्ध’, त्याचे ‘दूध’. ‘कर्म’चे ‘कम्म’ आणि त्याचे ‘काम’. आजही ‘पाचशे’ म्हणताना पुष्कळांच्या मुखी ‘पाश्शे’ येते.

हे सांगण्याचे कारण आहे. 1834 पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत करारबद्ध मजूर नेण्यात आले, त्यांत कोकणचे मराठी लोकही होते. बंदरावरील गोऱ्या कारकुनांनी त्यांची नावे कानाला भासतील तशी नोंदली. पण घरातली बोली मात्र त्यांनी लेकरांच्या मुखी ठेवली. आज त्यांची पणतवंडे या देशात शिकतात आणि आजीचे उच्चार ‘अशुद्ध’ ठरवून तिच्याशी मराठी बोलण्यास लाजतात. त्यांना एवढेच सांगावे, की जी वाट ‘कर्मा’पासून ‘कामा’कडे आली, तीच आजीच्या जिभेवरून पुढे जाते. शुद्ध लेखन अवश्य शिकावे. परंतु बोलीला भ्रष्ट म्हणू नये. लाजेने जिभेवरून उतरलेली भाषा पुढल्या पिढीला कोणत्याही व्याकरणातून परत मिळत नाही.