सुशी खायला मुंबईला जाताना

गेल्या वैशाखातली गोष्ट. रात्री पावणेदोनला दाराची बेल वाजली. इंदिरानगरात आमचे घर वर आणि दवाखाना खाली, त्यामुळे अवेळी वाजणारी बेल आम्हाला नवी नाही. दारात शेजारच्या गल्लीतला एक तरुण इंजिनिअर उभा होता. "काका, आजीच्या उलट्या थांबत नाहीत. बाबांनाही सुरू झाल्यात." आजींचे वय बहात्तर, पंधरा वर्षांचा मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. जाऊन पाहिले तर जीभ कोरडी, नाडी धावती आणि वरचा रक्तदाब नव्वदवर आलेला. घरी बसून लिंबूसरबत पाजण्याची ती वेळ नव्हती. मुलाच्याच गाडीतून त्यांना रुग्णालयात हलवले. सलाईन लागले, दोन दिवसांनी आजी घरी आल्या. रक्तातले क्रिएटिनिन वाढले होते, ते उतरायला आणखी आठवडा लागला.

खाल्ले काय होते, तर सुशी. नातवाला मुंबईत बढती मिळाली, म्हणून त्याने तिथल्या एका नावाजलेल्या हॉटेलातून दुपारी चार वाजता डबे बांधून घेतले, संध्याकाळची पंचवटी पकडली आणि रात्री दहाला सगळ्यांनी हौसेने खाल्ले. मधले सहा तास ते डबे उन्हाळ्याच्या गर्दीत त्याच्या मांडीवर होते. हॉटेलचा यात काही दोष नाही. त्यांनी "लगेच खा" असे बजावले होते आणि डब्यावर तशी चिठ्ठीही चिकटवली होती. आपल्याकडे चिठ्ठी वाचतो कोण!

तेव्हापासून दवाखान्यात आणि सकाळी फिरायला गेल्यावर मला हमखास एक प्रश्न येतो: "डॉक्टर, पोरं मुंबईला सुशी खायला नेणार म्हणताहेत. जावं का? आणि चांगलं ठिकाण कसं ओळखायचं?" मला स्वतःला माझ्या मुलाने दोनदा नेले आहे आणि दोन्ही वेळा मी आवडीने खाल्ले. त्यामुळे 'खाऊच नका' असे सांगणारा हा लेख नाही.

पहिला गैरसमज असा की सुशी म्हणजे कच्चा मासा. तसे नाही. सुशीतला मुख्य पदार्थ भात. चिकट जातीचा तांदूळ शिजवून त्यात व्हिनेगर, साखर आणि मीठ मिसळतात. त्यावर किंवा त्यात मासा, अंडे, काकडी, काहीही असू शकते. भाताशिवाय नुसत्या माशाचे काप दिले तर त्याला साशिमी म्हणतात. फार पूर्वी मासा टिकवण्यासाठी तो भातात दाबून महिनोन् महिने आंबवत, मासा खात आणि भात टाकून देत. पुढे आंबवण्याऐवजी भातात व्हिनेगर घालण्याची युक्ती निघाली. हातावर भाताचा मुटका करून वर माशाचा काप ठेवण्याची आजची पद्धत १८२० च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, रुळली. हानाया योहेई या विक्रेत्याचे नाव तिच्याशी जोडले जाते. झटपट करून उभ्या उभ्या खायचा तो पदार्थ होता, आपल्या वडापावासारखा.

आता मुद्द्याची गोष्ट. आपण नाशिककर मिसळ खायला कुठे जायचे ते कसे ठरवतो? गर्दी बघतो, तर्रीचा वास घेतो आणि बसतो. टेबल थोडे चिकट असले तरी चालवून घेतो. त्यातून बहुधा काही होत नाही, कारण रस्सा समोर रटरटत असतो आणि बहुतेक जंतू त्यात मरतात. आपल्या स्वयंपाकाचा राखणदार विस्तव आहे. सुशीच्या ताटात विस्तव नाही. तिथे राखण करतात ती तीनच माणसे म्हणा ना: थंडी, आंबटपणा आणि करणाऱ्याचे स्वच्छ हात. भाताचा पीएच ४.६ च्या खाली राहील इतके व्हिनेगर असेल तर त्यात जंतू सहसा वाढत नाहीत. मासा पाच अंशांच्या खाली असेल तर तिथेही त्यांची वाढ मंदावते. म्हणून सुशीचे हॉटेल पारखायचे ते चवीच्या आधी या तिघांवरून. आजींच्या डब्यात थंडी संपली होती. लक्षणे इतक्या लवकर सुरू झाली की जंतूंनी आधीच तयार केलेले विष पोटात गेले असणार. असे विष हाताळणाऱ्याच्या हातावरच्या जंतूंपासून तयार होऊ शकते आणि एकदा झाले की गरम करूनही ते हटत नाही.

हॉटेलात गेल्यावर शक्य असेल तर टेबलापेक्षा काउंटरवर बसा. समोर काम दिसते. मासा काचेच्या थंड पेटीतून निघतो का, लागेल तेवढाच काप कापून बाकीचा लगेच आत जातो का, ते पाहा. हातमोजे बघून हुरळून जाऊ नका. त्याच मोज्याने मोबाईल उचलणारा आचारी मी पाहिला आहे. उघड्या हाताने काम करणारा पण दर थोड्या वेळाने हात धुणारा, सुरी आणि फळी पुसणारा माणूस मला अधिक विश्वासाचा वाटतो. माशाला समुद्राचा मंद वास असावा, मासळी बाजाराचा नको. रंगावर मात्र जाऊ नका. ट्यूना लालभडक दिसावा म्हणून काही ठिकाणी त्यावर कार्बन मोनॉक्साइड वायूची प्रक्रिया केलेली असते आणि मग जुना मासाही ताजा दिसतो. भात कोमट किंवा खोलीच्या तापमानाचा आणि मऊ हवा. भात गार आणि कडक लागला तर तो आधी करून फ्रीजमध्ये ठेवलेला आहे असे समजा.

एक प्रश्न जरूर विचारा: "हा मासा गोठवलेला होता का?" आपल्याकडे गोठवलेला म्हणजे शिळा, असा समज पक्का आहे. इथे मात्र 'हो' हे उत्तर चांगले. समुद्रातल्या काही माशांत अॅनिसाकिस नावाच्या कृमीच्या अळ्या असतात. कच्चा मासा खाल्ला की त्या जठराच्या अस्तरात घुसू शकतात. उणे २० अंशांवर सात दिवस, किंवा उणे ३५ अंशांवर पूर्ण गोठवून पंधरा तास ठेवला की त्या मरतात. अमेरिकेत कच्चा वाढायच्या बहुतेक माशांसाठी हाच नियम आहे. जंतू मात्र गोठवून मरत नाहीत, ते नुसते थांबतात. घरच्या फ्रीजरवर या कामासाठी विसंबू नये, त्यात इतकी थंडी सारखी टिकत नाही.

इथे सॅमनची गंमत सांगतो. आज सुशी म्हटले की नारिंगी सॅमन डोळ्यांपुढे येतो, पण जपानी लोक पूर्वी सॅमन कच्चा खात नसत. त्यांच्या समुद्रातल्या सॅमनमध्ये कृमी असत, हे त्यांना ठाऊक होते. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला पाळीव सॅमन तिकडे नेला. या माशांना कारखान्यातले तयार खाद्य मिळते, त्यामुळे कृमींचा धोका फार कमी. जपान्यांची जुनी सवय मोडायला तरी बरीच वर्षे लागली.

मुंबईत ताजमहाल पॅलेसमध्ये २००४ साली 'वसाबी बाय मोरिमोतो' सुरू झाले, ते फार श्रीमंती प्रकरण. नंतर वांद्र्यात 'कोफुकू', मग २०१८ मध्ये 'इझुमी' अशी नावे ऐकू येऊ लागली. ही माझी शिफारस समजू नका. माहितीतली नावे म्हणून सांगितली. हॉटेल कोणतेही असो, कसोटी तीच लावायची. मेनूत पावभाजी, मंचुरियन आणि सुशी एकत्र दिसली तर तिथे पावभाजी खावी. सुशी दिवसातून चार जण मागवत असतील तर मासा पडून राहणारच. जिथे तीच मुख्य विक्री आहे तिथे माल रोज संपतो. तासन् तास मांडून ठेवलेला बुफे आणि रात्री दहानंतरचे 'एकावर एक फुकट' टाळा. मोबाईलवरच्या पाच ताऱ्यांवरून चव कळते, तापमान कळत नाही. घरपोच मागवायचीच असेल तर अर्ध्या तासाच्या अंतरावरून, उन्हाळ्यात तेवढीही नको. कॉलेज रोडवर कुणी सुशी देत असेल तर त्यालाही हेच नियम. एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक २०२२ पासून बिलावर छापणे बंधनकारक आहे. तो असला म्हणून स्वयंपाकघर स्वच्छ असेलच असे नाही, पण तोही नसेल तर उठून यावे.

बांगडा, तारली आणि ट्यूना यांच्याबद्दल थोडे वेगळे सांगायचे आहे. हे मासे पकडल्यावर थंडीत राहिले नाहीत तर त्यांत हिस्टामीन साठते. खाल्ल्यावर काही मिनिटांपासून तासा-दोन तासांत चेहरा लाल होतो, डोके ठणकते, छाती धडधडते, अंगावर गांधी उठतात. हुबेहूब अॅलर्जी. माझ्या एका रुग्णाने अशा अनुभवानंतर वर्षभर मासे सोडले होते. पुढे चांगल्या बर्फातला बांगडा खाल्ला तर काहीच झाले नाही. हिस्टामीन शिजवून जात नाही, गोठवूनही जात नाही, म्हणून हा धोका कच्च्या माशापुरता नाही. घरी कालवण करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे.

आणि एक हात जोडून विनंती. काही मुले व्हिडिओ पाहून घरीच प्रयोग करतात. गंगापूर धरणातला असो की बाजारातला, रोहू-कटला कच्चा खाऊ नये. गोड्या पाण्यातल्या कच्च्या माशांतून यकृतात राहणारे चपटे कृमी शिरल्याचे रुग्ण आशियातल्या अनेक देशांत सापडतात. आपल्याच देशात मणिपूरकडे अर्धकच्च्या खेकड्यांतून फुप्फुसाचा कृमी होतो. खोकल्यातून रक्त पडते आणि कित्येकांना क्षयाची औषधे दिली जातात.

कच्ची सुशी कुणी खाऊ नये? गरोदर स्त्रियांनी, कारण लिस्टेरिया हा जंतू फ्रीजमध्येही वाढतो आणि गर्भाला घातक ठरतो. शिवाय मोठ्या ट्यूनात पारा असतो. लहान मुलांनी, फार वृद्धांनी, यकृताच्या सिरोसिसच्या रुग्णांनी, केमोथेरपी किंवा स्टिरॉइड चालू असणाऱ्यांनी आणि मूत्रपिंड बदललेल्यांनीही नाही. घरातल्या सुनेला दिवस गेले असतील आणि मंडळी सुशी खायला निघाली असतील तर तिच्यासाठी शिजवलेली कोळंबी किंवा काकडीचा रोल मागवा. "एवढ्याशाने काय होतंय" हे वाक्य सासूबाईंनी त्या दिवशी घरीच ठेवून यावे.

शाकाहारी वाचकांनो, काकडी, अॅव्होकॅडो, गाजर यांची सुशी सर्वत्र मिळते, मुंबईत जैन सुशीही मिळते. मात्र मिसो सूप आणि काही सॉस यांच्या मुळाशी वाळवलेल्या माशाचे पाणी असते, ते विचारून घ्या. फळी आणि सुरी वेगळी आहे का, तेही विचारा. मधुमेहींनी भातातली साखर धरून हिशेब करावा. आठ तुकड्यांचा रोल म्हणजे वाटीभर भात सहज झाला. रक्तदाबवाल्यांनी सोया सॉस जपून घ्यावा. एका मोठ्या चमच्यात साधारण नऊशे मिलिग्रॅम सोडियम असते आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा दोन हजारांच्या आत आहे. भाताचा मुटका सॉसमध्ये बुडवू नये, माशाची बाजू किंचित टेकवावी. जपानातली रीतही तीच. ती हिरवी वसाबी बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश नावाचे मूळ आणि हिरवा रंग यांचे मिश्रण असते. नाकात झणका आणते, जंतू मारण्यासाठी तिच्यावर अवलंबून राहू नका.

खाल्ल्यानंतर उलट्या-जुलाब झाले तर क्षारसंजीवनी घोट घोट सुरू करा. सहा तासांत लघवी झाली नाही, ताप चढला, शौचात रक्त दिसले किंवा रुग्ण वृद्ध व मधुमेही असेल तर सकाळची वाट पाहू नका. कच्चा मासा खाल्ल्यावर बारा तासांच्या आत पोटात वरच्या बाजूला असह्य कळ आली तर ती अॅसिडिटी समजून गोळी घेत बसू नका. दुर्बिणीने तपासून अळी काढली की कळ थांबते. पण त्यासाठी काय खाल्ले, किती वाजता आणि कुठून आणले, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे लागते. त्या रात्री आजींच्या घरी मला ही तीन उत्तरे मिळवायला दहा मिनिटे लागली, कारण नातू ओशाळून "बाहेरचं काहीतरी" एवढेच म्हणत होता. शेवटी मी केराच्या डब्यातली ती चिठ्ठी वाचली.