मराठी संकेतस्थळांचे शोधयंत्र अनुकूलन

शोधयंत्र अनुकूलन म्हणजे एखादे संकेतस्थळ शोधयंत्राला (सर्च इंजिनाला) सापडावे, त्यातील मजकूर त्याला समजावा आणि योग्य प्रश्नाच्या उत्तरात ते पान वर दिसावे, यासाठी केलेली मांडणी. इंग्रजी आद्याक्षरांवरून या कामाला एसईओ असेही म्हणतात. पैसे देऊन मिळवलेली जाहिरातीची जागा यात मोडत नाही. वेब तंत्रज्ञान जसे बदलले तसे या कामाचे स्वरूपही पालटत गेले. मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत या सर्वसाधारण बदलांमध्ये लिपी, व्याकरण आणि स्थलनामे यांच्या विशेष अडचणींची भर पडते. रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर पर्यटन, जलवाहतूक आणि घरगुती निवासव्यवस्था यांची माहिती शोधणारे बहुसंख्य लोक बाहेरगावचे असतात. त्यामुळे या अडचणी तेथे ठळकपणे दिसतात.

शोधयंत्राची कार्यपद्धती

शोधयंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात ‘क्रॉलर’ नावाची स्वयंचलित प्रणाली एका पानावरील दुव्यांवरून दुसऱ्या पानावर जात पाने गोळा करते. दुसऱ्या टप्प्यात त्या पानांतील शब्दांची सूची तयार होते. ग्रंथाच्या शेवटी असलेल्या शब्दसूचीचेच हे अतिविशाल रूप होय. तिसऱ्या टप्प्यात विचारलेल्या प्रश्नाशी जुळणारी पाने निवडून त्यांचा क्रम लावला जातो. कोणती पाने गोळा करू नयेत हे सांगण्यासाठी संकेतस्थळे ‘रोबोट्स’ नावाची एक छोटी मजकूर-धारिका ठेवतात. ही प्रथा १९९४ पासून चालत आली असून २०२२ मध्ये तिला इंटरनेट मानकाचे रूप मिळाले.

१९९८ मध्ये स्थापन झालेल्या गूगलने क्रम लावताना दुव्यांना मत मानले. ज्या पानाकडे अनेक विश्वासार्ह पाने निर्देश करतात ते पान महत्त्वाचे, हे ‘पेजरँक’ पद्धतीचे सूत्र होते. त्यातून दुवे विकत घेण्याचे आणि एकच शब्द पानभर पुन्हा पुन्हा लिहिण्याचे गैरप्रकार वाढले. २०११ मधील ‘पांडा’ आणि २०१२ मधील ‘पेंग्विन’ या सुधारणांनी अनुक्रमे निकृष्ट मजकुराला आणि कृत्रिम दुव्यांना आळा घालण्याचा प्रयत्न केला.

फाँटकडून युनिकोडकडे

सुरुवातीच्या काळातील बरीच मराठी संकेतस्थळे शोधयंत्राच्या दृष्टीने जवळपास अदृश्य होती. त्या काळी ‘शिवाजी’सारखे फाँट वापरले जात. या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवलेल्या असत. वाचकाला पडद्यावर मराठी दिसे, पण संगणकाच्या लेखी तो रोमन अक्षरांचा अर्थहीन समूह असे. वाचकाकडे तोच फाँट नसेल तर त्यालाही तेच दिसे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये निश्चित झाले होते, मात्र वेबवर ते रुजले नाही.

युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीचा त्यात समावेश आहे. विंडोज २००० पासून संगणकांमध्ये तिचा आधार उपलब्ध झाला. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया आरंभापासूनच शोधता येण्याजोग्या मराठी मजकुराचा साठा ठरला. याउलट, जुन्या फाँटांत टंकलेला किंवा नुसत्या प्रतिमेच्या रूपात ठेवलेला मजकूर आजही सूचीबाहेर राहण्याची शक्यता मोठी असते. प्रतिमेतील अक्षरे ओळखण्याचे तंत्र सुधारले असले तरी जोडाक्षरांत चुका होतात. २०१४ मध्ये ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन उपलब्ध झाल्याने संकेतस्थळाचा पत्ताही मराठीत लिहिणे शक्य झाले.

भाषिक अडचणी

युनिकोड आल्यानंतरही एकच शब्द दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो. ‘किनाऱ्यावर’ या शब्दातील ‘ऱ्य’ हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. ते नुक्तायुक्त ‘ऱ’ वापरून लिहिता येते, तसेच साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावूनही लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, संगणकाला मात्र ती भिन्न वाटतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांनीही ती एकरूप होत नाहीत. शोधप्रणालीने स्वतःहून मेळ घातला नाही, तर एका रूपाने शोधणाऱ्यास दुसऱ्या रूपातील पान सापडत नाही.

दुसरी अडचण विभक्ती आणि सामान्यरूपाची आहे. ‘अलिबागला’, ‘अलिबागहून’, ‘अलिबागमधील’ आणि ‘अलिबागचा’ या सर्व शब्दांचे मूळ एकच आहे. येथे मूळ शब्द निदान अखंड राहतो. ‘किल्ला’ या शब्दाचे ‘किल्ल्यावर’ होताना तोही बदलतो. केवळ अक्षरजुळणी करणाऱ्या यंत्राला हे नाते कळत नाही. म्हणून पूर्वी एकाच पानावर शब्दाची सगळी रूपे कोंबण्याचा सल्ला दिला जाई. वाक्यातील शब्दांचा परस्परसंबंध लक्षात घेणारी ‘बर्ट’ ही प्रणाली गूगलने २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्रजी शोधासाठी आणि डिसेंबरमध्ये मराठीसह सत्तरांहून अधिक भाषांसाठी लागू केली. त्यामुळे असा कृत्रिम मजकूर लिहिण्याची गरज कमी झाली. २०१७ मध्ये मराठीत बोलून शोधण्याची सोय झाल्यावर दोन-तीन सुट्या शब्दांऐवजी पूर्ण वाक्यात प्रश्न विचारणेही सुलभ झाले.

तिसरी अडचण नावांची आहे. अलिबागचे रोमन स्पेलिंग ‘यू’ या अक्षरासह आणि त्याविना असे दोन्ही प्रकारे रूढ आहे. ‘मुरूड’ नावाची गावे रायगड, रत्नागिरी आणि लातूर या तिन्ही जिल्ह्यांत आहेत. ‘रायगड’ हे महाड तालुक्यातील किल्ल्याचे आणि संपूर्ण जिल्ह्याचेही नाव आहे. छत्तीसगडमधील रायगढ आणि पुणे जिल्ह्यातील राजगड यांच्याशीही त्याची गल्लत होते. जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते. त्यामुळे जुन्या लेखांतील ‘कुलाबा’ म्हणजे मुंबईतील भाग, अलिबागसमोरचा जलदुर्ग की संपूर्ण जिल्हा, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. मुंबईतील कुलाबा वेधशाळेचे भूचुंबकीय निरीक्षणाचे काम विसाव्या शतकाच्या आरंभी अलिबागला हलवण्यात आले. तेव्हा अलिबाग हे कुलाबा जिल्ह्याचे मुख्यालय होते, आणि त्यामुळे हा गुंता अधिकच वाढतो.

शब्दांकडून वस्तूंकडे

वरील गुंता सोडवण्यासाठी शोधयंत्रे शब्दांऐवजी वस्तू ओळखू लागली. २०१२ मध्ये गूगलने ‘नॉलेज ग्राफ’ आणला आणि त्याच वर्षी विकिडेटा हा मुक्त प्रकल्प सुरू झाला. अशा संग्रहांत प्रत्येक स्थळाला स्वतंत्र ओळख असते. त्याची विविध नावे, अक्षांश-रेखांश आणि प्रशासकीय विभाग त्या ओळखीशी जोडलेले असतात. संकेतस्थळांसाठी ‘स्कीमा’ हा समाईक शब्दसंग्रह २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून प्रसिद्ध केला. त्याच्या साहाय्याने पत्ता, दूरध्वनी, उघडण्याची वेळ आणि दर ही माहिती यंत्राला थेट वाचता येईल अशा रीतीने पानात नोंदवता येते.

ही नोंद ऋतूनुसार बदलणे रायगडच्या किनाऱ्यावर आवश्यक ठरते. गेटवे ऑफ इंडिया ते मांडवा या मार्गावरील प्रवासी बोटी पावसाळ्यात साधारणपणे बंद असतात. राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या होड्यांचेही तसेच आहे. वर्षभर एकच वेळ दाखवणारे पान तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असले तरी जुलै महिन्यात ते प्रवाशाची दिशाभूल करते.

मोबाइल आणि वेग

एप्रिल २०१५ मध्ये गूगलने मोबाइलवर नीट दिसणाऱ्या पानांना मोबाइल शोधात प्राधान्य देण्यास आरंभ केला. पुढे संकेतस्थळाची मोबाइल आवृत्तीच मुख्य मानून सूची तयार करण्याची पद्धत आली. हे स्थित्यंतर २०२३ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर करण्यात आले. २०२१ पासून ‘कोअर वेब व्हायटल्स’ या मोजमापांचाही क्रमवारीत विचार होतो. पानातील मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, स्पर्शाला २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळावा आणि पान उघडताना मजकूर जागचा हलू नये, या तीन अपेक्षा त्यात आहेत.

जोडाक्षरांच्या अनेक आकृत्यांमुळे देवनागरी फाँटची धारिका साध्या रोमन फाँटपेक्षा बरीच मोठी असू शकते. ती उतरेपर्यंत पान कोरे राहते किंवा फाँट बदलताच ओळी सरकतात. त्यावर उपाय म्हणून संकुचित फाँट वापरतात आणि तो येईपर्यंत उपकरणातील फाँटमध्ये मजकूर दाखवतात. संपूर्ण मजकूर जावास्क्रिप्टद्वारे ब्राउझरमध्ये तयार होत असेल, तर तो क्रॉलरपर्यंत उशिरा पोहोचण्याचा किंवा न पोहोचण्याचा धोका असतो. महत्त्वाचा मजकूर सर्व्हरवरच सिद्ध करून पाठवणे हा त्यावरील मान्य उपाय आहे.

उत्तर देणारी यंत्रे

दीर्घकाळ शोधयंत्र पानांची यादी देत असे आणि उत्तर वाचकाने शोधायचे असे. २०१४ च्या सुमारास निकालांच्या माथ्यावर एखाद्या पानातील निवडक उतारा दिसू लागला. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. गूगलने मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि ऑगस्टमध्ये भारतात, आरंभी इंग्रजी व हिंदीत, कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले सारांश शोधनिकालांत दाखवण्यास सुरुवात केली. उत्तर तेथेच मिळाल्यामुळे मूळ पान उघडण्याचे कारण उरत नाही, ही प्रकाशकांची मुख्य तक्रार आहे. अशा प्रणालींच्या क्रॉलरना ‘रोबोट्स’ धारिकेद्वारे मज्जाव करता येतो. मात्र ही धारिका विनंतीवजा असून ती पाळणे क्रॉलर चालवणाऱ्यावर अवलंबून असते.

सारांशाची मर्यादा अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. ओहोटीच्या वेळी या किल्ल्यावर चालत जाता येते, पण भरतीच्या वेळी ती वाट पाण्याखाली जाते. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून ‘कुलाबा किल्ल्यावर चालत जाता येते का’ या प्रश्नाचे ‘होय’ हे उत्तर एका वेळी बरोबर आणि काही तासांनी जिवावर बेतणारे असू शकते. तिथीची पाऊणपट करून भरतीचा अंदाज घेण्याची रीत कोकणात आहे. तिच्यानुसार अष्टमीला सहाच्या आणि पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती असते. हा ढोबळ ठोकताळा असून प्रत्यक्ष प्रवासासाठी त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे कोष्टकच पाहावे लागते. अशा विषयावरील पानात मूळ विधान, त्याची अट आणि माहितीची तारीख एकत्र लिहिणे महत्त्वाचे असते. अट दूरच्या परिच्छेदात असल्यास सारांशात ती गळून पडण्याची शक्यता वाढते.

स्थानिक परिणाम

नागाव, काशीद, दिवेआगर, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर येथील घरगुती निवासव्यवस्था चालवणाऱ्यांपुढे दोन मार्ग असतात. मोठ्या आरक्षण-संकेतस्थळावर नोंद केल्यास ग्राहक सापडतात, मात्र कमिशन द्यावे लागते. स्वतःचे संकेतस्थळ ठेवल्यास कमिशन वाचते, परंतु ‘अलिबाग निवास’सारख्या सर्वसाधारण शब्दांवर मोठ्या संकेतस्थळांशी स्पर्धा करणे कठीण जाते. अशा वेळी विशिष्ट माहितीचा उपयोग होतो. बसथांब्यापासूनचे अंतर, पावसाळ्यातील रस्त्याची स्थिती, जेवणातील पदार्थ किंवा भौगोलिक मानांकन मिळालेल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचा हंगाम यांवरील नेमका मजकूर दुसरीकडे क्वचितच असतो. नकाशावरील व्यवसायाची नोंद अचूक ठेवणे हाही या कामाचाच भाग आहे. ती बेवारस राहिल्यास दुसऱ्याने तिच्यातील दूरध्वनी क्रमांक बदलून पर्यटकाची फसवणूक करण्याचा धोका असतो.

मर्यादा

शोधयंत्रांच्या क्रमवारीचे संपूर्ण नियम जाहीर नसतात आणि ते वारंवार बदलतात. त्यामुळे पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. व्हॉट्सॲपसारख्या माध्यमांतील खासगी गटांत फिरणारी माहिती शोधयंत्राच्या कक्षेबाहेर राहते. मराठीतील बरीच स्थानिक माहिती आज तेथेच साठत आहे. ती युनिकोडमध्ये, तारखेसह आणि सर्वांना खुल्या पानांवर लिहिली गेली नाही, तर शोधणाऱ्यास अन्य भाषांतील किंवा बाहेरच्यांनी लिहिलेली माहितीच प्रथम मिळते.